मठाधिकारिणीचं अर्धं नाणं

निवृत्त माणसं आपण आयुष्यात काय काय केलं ते लिहितात. माझ्या नोकरीत मी काय काय केलं नाही, तेच सांगण्यासारखं आहे. जुन्या धातूच्या वस्तू जतन करणं हे माझं काम. पदकं, तलवारींच्या मुठी, चर्चमधले पेले, नाणी. बहुतेक काळ मी हे न्यूझीलंडमध्ये, पामर्स्टन नॉर्थच्या एका खासगी कार्यशाळेत केलं. या धंद्यात हात कधी लावायचा हे दोन वर्षांत शिकता येतं. हात कधी लावायचा नाही, हे शिकायला मात्र मला पुढची सगळी नोकरी लागली.

आईला हे काम कधीच पटलं नाही. फोनवर ती म्हणायची, "एवढी एम.एस्सी. होऊन भांडीच घासायची होती, तर परांड्यात काय भांडी कमी होती?"

"आई, मला भांडी न घासण्याचा पगार मिळतो."

"मग तो घरी बसूनही मिळायला पाहिजे होता."

वडील परांड्यात टपाल वाटायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. नववीत देशमाने सरांनी एका परीक्षानळीत सिल्व्हर नायट्रेट घेऊन त्यात मिठाचं पाणी टाकलं. दह्यासारखं पांढरं काही तरी खाली बसलं. मग सरांनी नळी खिडकीत उन्हात धरली आणि ते पांढरं आमच्या डोळ्यांदेखत जांभळं, मग काळपट होत गेलं. पोरं "जादू, जादू" करत होती. सर म्हणाले, "जादू नाही. चांदीला उजेड सोसत नाही." पुढे बार्शी, पुणे, लग्नानंतर न्यूझीलंड, मेलबर्नला राहून घेतलेलं जतनाचं शिक्षण, हे सगळं त्या नळीतून आलं. सरांचे उपकार मी कुठे आणि कसे फेडणार होते? त्यांनी दाखवलं ते विसरायचं नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं.

बाहेरच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. चांदी काळी पडते म्हणजे तिच्यावर घाण बसत नाही. हवेतलं गंधक चांदीला धरतं आणि वरचा पातळ थर काळा होतो. तो थर चांदीचाच असतो. तुम्ही घासून लख्ख करता तेव्हा चांदीच पुसून फडक्यावर घेता. परांड्याच्या आमच्या देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक आता घोड्यासकट गुळगुळीत झालाय. घरात लग्न निघालं की देव सोनाराकडे उजळायला जायचे, आणि आमच्याकडे लग्नं पुष्कळ झाली.

इथली माणसंही काही वेगळी नाहीत. एक गृहस्थ आजोबांचं युद्धातलं पदक घेऊन आले होते. दर वर्षी अँझॅक डेच्या, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनाच्या पहाटे परेडला जाण्याआधी घरातल्या कुणी ना कुणी ते ब्रासोने घासलेलं. कडेवर कोरलेलं आजोबांचं नाव पार गेलं होतं. "नाव परत आणता येईल?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "पण आम्ही तर त्यांच्या आठवणीसाठीच घासत होतो." यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

आणि 'ते रापा' नावाच्या उपनगरात राहणाऱ्या स्नेहलवहिनी. नवरा इंजिनिअर, दोघं मूळचे कोथरूडचे. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला.

"ताई, लक्ष्मी पांढरीफटक पडली हो!"

"काय केलंत?"

"काही नाही हो, यूट्यूबवर दाखवलं तसं. भांड्यात फॉइल, सोडा, कढत पाणी. त्यात लक्ष्मीचं नाणं टाकलं."

"किती वेळ?"

"सीरियल संपेपर्यंत."

मी सांगितलं की आता ती आहे तशीच पुजा, वर्षा-दोन वर्षांत पुन्हा रंग धरेल. वहिनी रडवेल्या झाल्या. "सासूबाई उद्या व्हिडिओ कॉलवर बघणार आहेत!"

"मग मोबाइल लांब धरा."

असले किस्से पुष्कळ आहेत. पण या अंकासाठी मला एकच प्रकरण सविस्तर सांगायचंय. त्यापायी माझी नोकरी गेली, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

ते नाणं डेरेक घेऊन आला. डेरेकचा इमारतींच्या सामानाचा धंदा होता. भर हिवाळ्यात रबरी जँडल्स घालून, यूट म्हणजे सामान वाहायची उघडी गाडी कार्यशाळेच्या दारात आडवी लावून तो आत आला आणि जुनी घड्याळाची डबी माझ्या टेबलावर ठेवली. आत कापसावर चांदीचा एक पातळ अर्धगोल होता. चकलीच्या अर्ध्या तुकड्याएवढाच, पण जाडी जवळजवळ नाहीच. मी श्वास रोखून डबी जवळ घेतली. हे नाणं शिंकेने उडतं.

"हे अर्धं आहे," मी म्हणाले.

"तेच तर! दुसरं अर्धं तुला करायचंय."

हे बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं. मला सगळं मराठीतच आठवतं, म्हणून तसंच लिहिते.

डेरेकने गोष्ट सांगितली. त्याच्या घराण्यातली माणसं मूळची जर्मनीतल्या हार्त्स डोंगराच्या पायथ्याची. पणजोबा आणि त्यांचा भाऊ, दोघं शेतकऱ्याची मुलं. नांगरताना शेतात त्यांना एक जुनं नाणं सापडलं. पुढे पणजोबा न्यूझीलंडला यायला निघाले, तेव्हा बंदरावर दोघांनी ते नाणं मधोमध कापलं. अर्धं तिकडे राहिलं, अर्धं इकडे आलं. पुन्हा भेटलो की जोडू म्हणाले. भेट काही झाली नाही. आता इथल्या स्थलांतरित घराण्यांवर गावात एक नवं दालन उघडणार होतं. त्यातल्या मधल्या काचेच्या पेटीचा खर्च डेरेक उचलणार होता, आणि त्या पेटीत त्याला अख्खं नाणं हवं होतं. दोन भाऊ पुन्हा भेटले, असं दाखवायचं होतं.

"माझी आत्या इर्मा. तिचंच आहे हे," तो म्हणाला. "नव्वदी ओलांडलीय. तिने ही गोष्ट आम्हाला हजारदा सांगितली असेल. तिच्या डोळ्यांसमोर हे जोडलेलं दिसलं पाहिजे. स्वीट ॲज? जमेल ना?"

मी म्हटलं, आधी बघते.

या नाण्याला ब्रॅक्टिएट म्हणतात. साधारण आठशे वर्षांपूर्वीचं. हार्त्सच्या खाणींत चांदी निघायची. ती ठोकून ठोकून कागदासारखी पातळ करायची, खाली चामड्यासारखं मऊ काही ठेवायचं आणि वरून ठशाचा एकच घाव घालायचा. चित्र एका बाजूने उठतं आणि मागून तेच चित्र खोलगट दिसतं. आपल्या देव्हाऱ्यातला टाक असतो ना, तसंच. टाक बघत वाढलेल्या माणसाला ब्रॅक्टिएट समजावून सांगावं लागत नाही. माझ्या ऑस्ट्रेलियन शिक्षकांना मात्र मी पहिल्यांदा विचारलं होतं, "हे कुणाच्या देवघरातलं?"

या तुकड्यावर अर्धी बाई होती. डोक्यावरून घेतलेलं वस्त्र, एक डोळा, एका हातात लांब देठाचं फूल, मागे कमान आणि तिच्यावर एक बुरूज. जर्मनीतल्या एका अभ्यासक बाईंना मी फोटो पाठवले. त्यांनी कळवलं, ही एका मठाची अधिकारिणी असावी. त्या भागात एक मठ असा होता की त्याची प्रमुख राजघराण्यातली स्त्री असायची आणि तिला स्वतःची नाणी पाडण्याचा हक्क होता. बाराव्या शतकात एक बाई स्वतःचा चेहरा चांदीवर उठवून बाजारात पाठवत होती, या गोष्टीने मी त्या दिवशी फार खूश झाले.

तिच्या राज्यात सगळं छान होतं असं मात्र नाही. त्या काळात हे धनी लोक, राजे असोत, बिशप असोत की मठवाल्या, ठरावीक काळाने जाहीर करायचे की जुनी नाणी बंद. जुनी आणून द्या, नवी घ्या. आणि बहुतेक ठिकाणी चार जुन्यांना तीनच नवी मिळायची. चौथं धन्याच्या घशात. कर वसूल करायची ही पद्धत. साठवून ठेवणाऱ्याचं नुकसान ठरलेलं, म्हणून कुणी पटकन खर्चून टाकायचे, तर कुणी हट्टाने मडक्यात घालून जमिनीत पुरायचे. आता नाण्यापेक्षा छोटं काही विकत घ्यायचं असेल तर? त्याहून लहान नाणंच नव्हतं. मग सरळ कात्रीने नाणं कापायचं. अर्धं नाणं म्हणजे अर्धी किंमत. बाजारात ते राजरोस चालायचं.

हे माहीत असल्यामुळे मी तुकड्याची सरळ कड सूक्ष्मदर्शकाखाली घातली.

जमिनीत पुरलेल्या चांदीवर हिरवट-तपकिरी कवच चढतं. चांदीत मिसळलेलं तांबं बाहेर येतं आणि मातीशी एकजीव होतं. ते चढायला शेकडो वर्षं लागतात. ते कवच या तुकड्याच्या पाठीवर होतं, कमानीच्या खाचेत होतं, आणि तिथून सलग वळून कापलेल्या कडेवरही चढलेलं होतं. म्हणजे आधी कापलं, मग पुरलं. दोघा भावांना शेतात सापडलं ते अर्धंच नाणं. बंदरावर कुणीही काही कापलं नव्हतं.

मी कॉलिनला बोलावलं. कॉलिन कार्यशाळेचा मालक, माझ्याहून लहान, मनाने वाईट नाही. त्याने बराच वेळ भिंगातून बघितलं.

"तू म्हणतेस ते बरोबर आहे," तो म्हणाला. "पण मग काय? आपण तुटलेल्या मडक्यात प्लास्टर भरतोच ना? नवं अर्धं वेगळं ओळखू येईल असं करू, पुढे काढता येईल अशा गोंदाने चिकटवू. नियमात बसतं."

"मडकं तुटलेलं असतं, कॉलिन. हे तुटलेलं नाही. हे असंच आहे, पूर्ण."

"अर्धं नाणं पूर्ण आहे?"

"अर्ध्या किमतीचं पूर्ण नाणं आहे."

"वृषाली, त्या दालनातल्या सगळ्या वस्तूंचं काम आपल्याकडे येतंय. सगळ्या. डेरेकचा शब्द तिथे चालतो. एका म्हातारीच्या आनंदासाठी एक तुकडा जोडायचा, आणि तुला तत्त्व आठवतंय?"

"मी जोडणार नाही. आणि दुसऱ्या कुणाला द्यायच्या आधी त्या बाईंना सांगितलं पाहिजे. वस्तू त्यांची आहे. मालकाला न सांगता आपण कशालाच हात लावत नाही. हा नियम तूच मला पहिल्या दिवशी शिकवलास."

कॉलिनने डेरेकला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. डेरेकने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "या नाह." इथल्या बोलीत हा नकारच. "ऐक, त्या गोष्टीवर ती जगतेय. तू जाऊन तिला सांगणार की तिच्या बापाने तिला थाप मारली? कशासाठी? तुझ्या मातीच्या डागासाठी?"

मी म्हटलं, "तुम्ही सांगा मग. कुणी तरी सांगायला हवं."

"कुणीच सांगायला नको," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

खरं सांगते, त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. घरी जाऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आपल्या घरी तू खंडोबा घासू देत नाहीस म्हणून माझी आई अजून तुझ्यावर रागावलेली आहे. या जर्मन आत्यालाही आता दुखावणार?" मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "मम, जस्ट टेल हर." ती मराठी सगळं समजते, उत्तर इंग्रजीतच देते. पण त्या दिवशी तिचं मला पटलं.

डेरेकला आधी कळवून, मी इर्माबाईंकडे गेले. शहरातल्याच एका वृद्धाश्रमात त्यांची खोली होती. खिडकीत जेरेनियमची कुंडी, टेबलावर अर्धवट विणलेलं काही. नव्वदीची बाई, पण पाठ ताठ. मला त्यांनी आपादमस्तक न्याहाळलं.

"डेरेक म्हणाला, तू मला काही तरी वाईट सांगायला येणार आहेस. आधी चहा घे. वाईट बातमी घशाखाली उतरायला चहा लागतो."

चहा आला, जिंजरनट बिस्किटं आली. मी डबी उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवली, भिंग दिलं आणि सांगितलं. मातीचं कवच दाखवलं. त्यांना भिंगातून पहिल्यांदा काही दिसेना, मग दिसलं. "हे हिरवं?" "हो. आता कडेवर बघा." त्यांनी बघितलं.

मग मी नाण्याची सगळी हकिगत सांगितली. मठ, अधिकारिणी, चारांचे तीन, बाजारातली कात्री. ऐकता ऐकता त्यांनी विचारलं, "आणि लोक हे मुकाट्याने सोसत राहिले?"

"नाही. पुढे काही शहरांनी धन्याकडून नाणी पाडायचा हक्कच विकत घेतला आणि सांगितलं, आता आमचं नाणं कायमचं, कुणी परत मागणार नाही."

"बरं केलं." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "आता माझं ऐक. जर्मनीशी लढाई चालू होती त्या वर्षांत मी शाळेत होते. मुली विचारायच्या, तू कुणाच्या बाजूची? आडनाव जर्मन वाटू नये म्हणून आजोबांनी त्यातली अक्षरं आधीच्या लढाईतच बदलली होती, पण पोरींना सगळं माहीत असतं. मी घरी येऊन रडायचे. तेव्हा वडील ही डबी काढायचे. म्हणायचे, हे बघ, आपलं अर्धं तिकडे आहे, अर्धं इकडे आहे, आणि दोन्ही चांदीचंच आहे. मग मी जेवायचे."

मी डबी त्यांच्या बाजूला सरकवली.

"तू त्या मठवालीसारखीच आहेस," त्या म्हणाल्या. "माझी जुनी गोष्ट काढून घेतेस आणि बदल्यात कमी देतेस."

"पण ही खरी आहे."

"असेल खरी. गोड नाही."

"नाही," मी म्हटलं. "पण मी दुसरं अर्धं करून चिकटवलं तर तुमच्या नाण्याला चेहरा मिळेल तो माझ्या हातचा. त्या बाईचं तोंड कसं होतं, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. मी ते मनाने घडवलं की पेटीत कायमची एक थाप राहील. तुमच्या वडिलांनी थाप मारली ती तुम्ही रडत होतात म्हणून. मी कशासाठी मारू? डेरेकच्या पेटीसाठी?"

हे बोलताना माझा आवाज चढला होता. वृद्धाश्रमाची नर्स दारातून डोकावून गेली. मी माफी मागितली. इर्माबाईंनी हात हलवला. "माफी नको मागूस. तुला राग आला नसता तर मी तुझ्यावर विश्वास ठेवला नसता. चहा गार झालाय. आता जा."

मी डबी उचलायला गेले, तर त्यांनी तिच्यावर हात ठेवला. "ही इथेच राहू दे."

गाडीत बसल्यावर मला रडू आलं. डेरेक बरोबर होता आणि मीही बरोबर होते, आणि या दोन्ही गोष्टींचा त्या बाईंना काही उपयोग नव्हता, असं वाटलं. एवढ्या वर्षांत अनेक वस्तूंना मी हात लावला नाही. माणसाच्या गोष्टीला हात लावण्याची ती पहिलीच वेळ.

पुढच्या आठवड्यात इर्माबाईंनी कॉलिनला फोन करून सांगितलं, नाणं आहे तसंच पेटीत जाईल. कुणीही जोडायचं नाही. आणि पेटीखालचा मजकूर त्या स्वतः लिहितील. डेरेकने त्यांना बरंच समजावलं असं मी नंतर ऐकलं. एकदा तर तो चिडून म्हणाला, "आत्या, लोक हसतील. अर्धं नाणं कोण बघायला येतं?" त्यावर त्या म्हणाल्या, "मग तू अख्खा उभा राहा पेटीत."

डेरेकने पेटीचा खर्च द्यायचं नाकारलं. दालनाचं बाकीचं काम वेलिंग्टनच्या एका कार्यशाळेला गेलं. वर्ष संपल्यावर कॉलिनने माझा करार वाढवला नाही. तो मला म्हणाला, "व्यक्तिशः काही नाही." मी म्हटलं, "माझं मात्र व्यक्तिशः आहे." त्याच्याशी भांडण नाही, वाटेत भेटला तर आम्ही बोलतो. पण मी चुकले होते, हे त्याने माझ्याकडून वदवून घ्यायचा प्रयत्न केला, आणि ते मी बोलले नाही. आजही बोलणार नाही. आता मी घरच्या गॅरेजमध्ये काम करते. सूक्ष्मदर्शक आत आणि गाडी बाहेर पावसात असते. नवऱ्याला गंजाची काळजी वाटते. मी त्याला सांगते, गंजाचं मला सांगू नकोस.

मला सल आहे ती वेगळीच. पदकवाल्या गृहस्थांना उत्तर देता आलं नाही, तसंच इर्माबाईंच्या लहानपणाला मी काहीच परत देऊ शकले नाही. शाळेतून रडत आलेल्या त्या मुलीला माझ्या मातीच्या कवचाचा काय उपयोग होता? हा प्रश्न मी टाळत नाही. पण त्याचं उत्तर खोटं नाणं हे असू शकत नाही, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. माझ्या गावच्या शाळेत एक माणूस परीक्षानळी उन्हात धरून म्हणाला होता, जादू नाही. त्याने जादू म्हटलं असतं तर आम्ही जास्त टाळ्या वाजवल्या असत्या, आणि मी परांड्यातच राहिले असते.

दालन उघडलं त्या दिवशी मला आमंत्रण आलं, इर्माबाईंच्या नावाने. मी साडी नेसून गेले. दारात माओरी रीतीने "किया ओरा" म्हणून स्वागत झालं, कराकिया म्हणजे प्रार्थना झाली, भाषणं झाली. डेरेक मागे हाताची घडी घालून उभा होता. त्याने मला बघितलं, मान हलवली नाही, पण पाठही फिरवली नाही. नाण्याची पेटी मधली नव्हती, कोपऱ्यातली होती, लहान. काळ्या कापडावर तो चांदीचा अर्धगोल. एक डोळा, एक हात, एक फूल. मजकूर इर्माबाईंचाच होता: "हे नाणं आमच्या घरात एका गोष्टीबरोबर आलं. गोष्ट खरी नव्हती. नाणं खरं आहे. ती गोष्टही मला आवडायची."

इर्माबाई चाकाच्या खुर्चीत पेटीशेजारीच बसल्या होत्या, जणू राखण करत. मी जवळ गेले. त्यांनी माझ्या साडीच्या काठाला बोट लावलं आणि विचारलं, "या काठातली चांदी काळी कशी पडली नाही?" मी म्हटलं, "नकली जर आहे." त्या मोठ्याने हसल्या, आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

लोक येत होते, वाकून बघत होते, पुढे जात होते. एक टाय घातलेले गृहस्थ बराच वेळ वाकून राहिले. मग सरळ झाले आणि अगदी सांत्वनाच्या आवाजात त्यांनी इर्माबाईंना विचारलं, "आणि दुसरा अर्धा भाग? हरवला का हो?"

इर्माबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग लांब उभ्या डेरेककडे बघितलं, आणि त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हरवला नाही. खर्च झाला. त्यासाठीच होता तो."